ज्यानं शोधलं त्यालाच भुर्दंड

31 जानेवारी 2003 रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एक गाय कत्तलखान्यात आली. तिची अवस्था वाईट होती. तपासनिसांना न्यूमोनियाचा संशय आला, त्यांनी तिचं मांस माणसांच्या खाण्यासाठी नाकारलं आणि डोकं प्रयोगशाळेकडे पाठवलं. धड रेंडरिंगला गेलं, म्हणजे कत्तलीतला टाकाऊ माल शिजवून चरबी आणि मांस-हाडांची भुकटी वेगळी करणाऱ्या कारखान्यात. डोकं मात्र रांगेत पडून राहिलं. निकाल जाहीर झाला 20 मे रोजी. बीएसई, जग ज्याला ‘मॅड काऊ’ म्हणतं तो आजार. त्याच दिवशी अमेरिकेनं कॅनडाच्या गुरांना आणि गोमांसाला दार बंद केलं. तीस महिन्यांखालची जिवंत जनावरं पुन्हा सीमेपलीकडे जायला जुलै 2005 उजाडला.

2003 मध्येच अल्बर्टाचे तेव्हाचे प्रमुख राल्फ क्लाइन जाहीरपणे बोलून गेले की, स्वाभिमानी पशुपालकानं अशा गायीला गोळी घातली असती, पुरलं असतं आणि तोंड बंद ठेवलं असतं. त्यांच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्यांनी जो हिशेब उघड केला तो खोटा नव्हता. एक डोकं प्रयोगशाळेत गेलं म्हणून हजारो गोठ्यांचं उत्पन्न बुडालं. तेच डोकं मातीत गेलं असतं तर कोणाचंच काही बुडालं नसतं, निदान त्या वर्षी तरी नाही. ज्यानं शोधलं त्याला भुर्दंड आणि ज्यानं पुरलं त्याला अभय, हा हिशेब उलटा केल्याशिवाय गायी-मेंढ्यांमधल्या प्रायॉन रोगांवरचं, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या बीएसईसारख्या मेंदूच्या रोगांवरचं नियंत्रण टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आज रुग्ण जनावरं अगदी थोडी सापडतात, म्हणूनच हे आत्ता बोलायला हवं. खर्चाला कात्री लावायची हौस अशाच वेळी येते.

लाळ्या-खुरकूत लपवता येत नाही. काही दिवसांत शेजारच्या गोठ्यातली जनावरं लाळ गाळत लंगडू लागतात. बीएसई असा पसरत नाही. एका गायीपासून शेजारच्या गायीला तो होत नाही. तो येतो खाद्यातून. वासरानं लहानपणी दूषित खाद्य खाल्लं की लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं जातात. तोवर ती गाय दोन-तीनदा व्यालेली असते, कदाचित दुसऱ्याला विकली गेलेली असते, आणि ज्या पोत्यातून ते खाद्य आलं त्याची पावतीसुद्धा उरलेली नसते. बहुधा सगळ्या गोठ्यात एकच जनावर आजारी पडतं.

लक्षणंही अशी की दुसरंच काही वाटावं. दूध काढायच्या जागेत शिरताना गाय दाराशी अडते. जमिनीवरच्या गटाराच्या जाळीला बिचकते. रोज कासेला हात लावू देणारी गाय अचानक लाथा झाडते. बादली आपटली की अंगभर दचकते. पुढे मागचे पाय गरजेपेक्षा उंच टाकत चालते, वळताना मागचा भाग झुलतो, खाणं ठीक असूनही वजन उतरतं, दूध आटतं. मॅग्नेशियमची कमतरता असो, लिस्टेरियाचा संसर्ग असो, यातलं बरंच काही तिथेही दिसतं. मॅग्नेशियमची गाय इंजेक्शननंतर लवकर सावरते. बीएसईची सावरत नाही, आठवड्यागणिक खालावत जाते. दोन-तीन आठवडे उपचार करून थकलेला पशुपालक मग तिला मारून टाकतो. हे त्यानं आजार लपवण्यासाठी केलेलं नसतं. त्याला कळलेलंच नसतं.

रक्त तपासून कळण्याची सोयही नाही, कारण हा जंतू नव्हेच. प्रायॉन हे शरीराचंच प्रथिन असतं, फक्त चुकीची घडी पडलेलं. चेतापेशींच्या पृष्ठभागावर ते मुळात निरुपद्रवी रूपात असतं. घडी बिघडलेला रेणू चांगल्या रेणूला भेटला की त्यालाही आपल्यासारखं करतो, आणि ही साखळी मेंदूत गाठी आणि पोकळ्या पाडत जाते. प्रथिन आपलंच असल्यामुळे शरीर प्रतिपिंडं तयार करत नाही. त्यात जनुकीय द्रव्य नाही, म्हणून पीसीआरला पकडायला काही सापडत नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये प्रायॉन हा शब्द दिला आणि 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण गायीच्या बाबतीत खात्रीची तपासणी आजही मेल्यावरच होते, आणि तीही मेंदूच्या देठाच्या एका ठरावीक तुकड्यावर. म्हणजे मालकानं मेलेलं जनावर आपणहून पुढे केलं, तरच आजार सापडतो. सगळी व्यवस्था त्याच्या इच्छेवर टांगलेली आहे.

ब्रिटननं ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली. आजाराची ओळख नोव्हेंबर 1986 मध्ये वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेत पटली. वर्षभरात जॉन वाइल्समिथ यांच्या अभ्यासानं बोट मांस-हाडांच्या भुकटीकडे वळवलं, आणि जुलै 1988 मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांपासून केलेली भुकटी रवंथ करणाऱ्यांनाच घालायला बंदी आली. इथवर काम झपाट्यानं झालं. पण ऑगस्ट 1988 मध्ये आजारी गायी मारण्याचं धोरण आलं तेव्हा भरपाईचा नियम असा होता: आजार पक्का निघाला तर बाजारभावाच्या निम्मे पैसे, नाही निघाला तर पूर्ण. लडखडणारी गाय दारात उभी असताना पशुपालकाला हा नियम काय सांगतो? लवकर विकून टाक, एवढंच. अंगावर मांस आहे तोवर कत्तलखान्याला धाडलेली गाय पूर्ण भावात जाते, आणि कळवलेली गाय अर्ध्यात. भरपाई पूर्ण व्हायला फेब्रुवारी 1990 उजाडला. त्या दीड वर्षात किती गायी अशा वाटेनं गेल्या याची नोंद कुठल्याच वहीत असणार नाही, कारण नोंद न होणं हाच त्या वाटेचा फायदा होता. आणि मेंदू व मज्जारज्जू माणसांच्या अन्नातून काढायचा नियम तर नोव्हेंबर 1989 मध्ये आला.

दुसरी गळती खाद्याच्या कारखान्यात होती, आणि तिथं जरा थांबायला हवं, कारण आज सवलती मागणारे नेमकं हेच विसरतात. 1988 च्या बंदीनं भुकटी गायींना बंद केली. डुकरांना आणि कोंबड्यांना ती चालूच होती. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर सकाळी डुकरांचं खाद्य आणि दुपारी गायींचं. यंत्र बंद केलं म्हणून रिकामं होत नाही. बकेट एलिव्हेटरच्या तळाशी ढीग उरतो, स्क्रू कन्व्हेअरच्या पात्याखाली थर राहतो, मिक्सरच्या झडपेशी भुकटी चिकटलेली असते, आणि माल वाहणाऱ्या ट्रकच्या कोपऱ्यातही असते. समजा मिक्सरची खेप दोन टनांची आहे आणि मागच्या खेपेचा अर्धा टक्का माल आत राहिला. तो झाला 10 किलो. मागच्या खेपेत भुकटी 5 टक्के असेल, तर गायींच्या खेपेत अर्धा किलो भुकटी उतरली. दोन टनांत अर्धा किलो म्हणजे 0.025 टक्के. खाद्यातली हाडं शोधायची नेहमीची पद्धत सूक्ष्मदर्शकाची आहे. नमुना टेट्राक्लोरोएथिलीनमध्ये ढवळतात. पेंड आणि धान्याचा कोंडा तरंगतो, हाडाचे कण तळाशी बसतात, आणि काचपट्टीवर त्या कणांमधली पेशींची बारीक काळी छिद्रं दिसली की हाड ओळखू येतं. ही पद्धत साधारण 0.1 टक्क्यापर्यंत भरवशाची. म्हणजे आपल्या उदाहरणातली खेप तपासणीत बिनधोक उत्तीर्ण होईल.

अर्धा किलोनं काय बिघडतं, असं वाटू शकेल. ब्रिटनमध्येच वासरांना आजारी गायींचा मेंदू मोजून तोंडावाटे देण्याचा प्रयोग झाला. 1 ग्रॅम पुरेसा ठरलाच, पण 1 मिलिग्रॅम दिलेल्या 15 वासरांपैकीही एकाला आजार झाला. मोहरीच्या दाण्याहून हलका तुकडा. बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांवर गायींना बीएसई झाला तो याच गळतीमुळे, आणि डुकरं-कोंबड्या जास्त असलेल्या पूर्व इंग्लंडकडे त्याचा भार सरकला तोही यामुळेच. ब्रिटनमधल्या पक्क्या निदानांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या वर गेली. जानेवारी 1993 मध्ये आठवड्याला हजाराच्या आसपास गायी येत होत्या. मार्च 1996 मध्ये बीएसईशी जोडल्या गेलेल्या, माणसांतल्या नव्या आजाराचे पहिले दहा रुग्ण संसदेत जाहीर झाले. ब्रिटनमध्ये त्या आजारानं एकूण 178 माणसं गेली, त्यात बरीच तरुण. सगळ्याच पाळीव जनावरांच्या खाद्यातून भुकटी त्यानंतर हद्दपार झाली. ज्या दिवशी यंत्रावरून भुकटी गेली, त्या दिवशी गळतीचा प्रश्न जवळपास मिटला. आठ वर्षं उशिरा.

म्हणून 2021 मध्ये युरोपीय संघानं डुकरांपासूनचं प्रथिन कोंबड्यांना आणि कोंबड्यांपासूनचं डुकरांना द्यायची मुभा दिली, तेव्हा तिच्या बाजूनं आणि विरुद्ध जो गलका झाला, त्यात दोन्हीकडून मुद्दा निसटला. या दोन जातींत नैसर्गिकरीत्या प्रायॉन रोग आढळलेला नाही, आणि एका जातीचं प्रथिन त्याच जातीला घालायचं नाही हे बंधन आहेच. तत्त्व म्हणून मला ती मुभा मान्य आहे. चांगलं प्रथिन जाळून टाकणं हेही शहाणपणाचं नाही. पण अट एकच आणि ती सैल होता कामा नये: कत्तलखान्यापासून खाद्याच्या पोत्यापर्यंत वेगळी इमारत, वेगळी यंत्रं, वेगळे ट्रक, आणि रवंथ करणाऱ्यांचा अंश शोधणारा पीसीआर. धुवून-पुसून तीच यंत्रं वापरू म्हणणाऱ्या कारखान्याला परवाना देऊ नये. वर मांडलेलं गणित त्याच कारखान्याचं आहे.

उष्णतेनं सगळं मरेल ही आशाही सोडून द्यावी. तुकडे 50 मिलिमीटरपेक्षा लहान करून 133 अंश, 3 बार दाब, 20 मिनिटं ही युरोपातली सर्वांत कडक रेंडरिंग पद्धत संसर्ग पुष्कळ कमी करते, शून्य करत नाही. चरबीत गुरफटलेला कण कोरड्या उष्णतेत टिकतो. फॉर्मॅलिननं तर प्रायॉन अधिकच पक्का होतो. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या मेंदूपासून लूपिंग-इल या आजाराची लस केली, फॉर्मॅलिन घालून सुरक्षित केली, आणि तिच्या एका खेपेनं शेकडो मेंढ्यांना स्क्रॅपी, म्हणजे मेंढ्यांमधला प्रायॉन रोग दिला. मेंदूचे तुकडे ज्या प्रयोगशाळेत मेणात बसवून कापतात, तिथं आज आधी तासभर तीव्र फॉर्मिक ॲसिडमध्ये बुडवतात, ते याच कारणानं.

आता मूळ प्रश्न. शोधायचं कुठं आणि कोणाच्या खर्चानं? जागतिक पशुआरोग्य संघटनेनं पूर्वी देखरेखीला गुण देण्याची पद्धत ठेवली होती. चार ते सात वर्षांच्या निरोगी दिसणाऱ्या गायीची कत्तलखान्यात तपासणी केली तर 0.2 गुण. गोठ्यात मेलेल्या गायीला 0.9. तातडीनं कापाव्या लागलेल्या गायीला 1.6. आणि बीएसईची लक्षणं असलेल्या एका संशयित गायीला 750. म्हणजे एक संशयित गाय ही 3,750 निरोगी गायींच्या तोडीची. 2023 च्या नव्या नियमांत गुणांची मोजदाद गेली, पण तिच्यामागचं गणित कायम आहे. तरीही जनमताला शांत करायला सरकारं वर्षानुवर्षं निरोगी गायीच तपासत बसली. जपाननं 2001 नंतर कापलं जाणारं प्रत्येक जनावर तपासलं, वीस महिन्यांची कोवळी जनावरंसुद्धा, ज्यांच्या मेंदूच्या देठात प्रायॉन असला तरी या तपासणीला दिसण्याइतका साठलेला नसतो. युरोपात एकेकाळी वर्षाला एक कोटीच्या आसपास तपासण्या होत. 2013 पासून बहुतेक युरोपीय देशांना निरोगी गायींची तपासणी थांबवता आली, आणि माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. अन्नाची सुरक्षितता या तपासणीवर टेकलेली नाहीच. ती मेंदू, डोळे, मज्जारज्जू आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकण्यावर टेकलेली आहे.

पण त्या बचतीतला पैसा कुठं गेला? तो मेलेल्या गायी उचलण्यात जायला हवा होता. मेलेलं जनावर गोठ्यावरून नेण्याचे पैसे जिथं मालकानंच द्यायचे असतात, तिथं त्याला फावडं स्वस्त पडतं. आणि खरी माहिती मेलेल्या गायींतूनच येते. 2018 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमध्ये पाच वर्षांच्या गायीत, आणि 2021 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये जुन्या, खाद्यातून येणाऱ्या प्रकारचा बीएसई सापडला, तो गोठ्यावर मेलेल्या जनावरांच्या तपासणीत. पहिली बंदी येऊन तीस वर्षं उलटल्यावर. युरोपातही 2001 च्या सरसकट बंदीनंतर जन्मलेल्या 60 गायींत हा प्रकार आढळला आणि तज्ज्ञांनी 2017 मध्ये बोट पुन्हा दूषित खाद्याकडेच दाखवलं. कुठल्या तरी खाद्याच्या टाकीच्या तळाशी साठून राहिलेला जुना थर या तपासणीशिवाय कोणाला कळला असता?

नमुना घेणं हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचा मोबदलाही कौशल्याचाच हवा. डोकं मानेच्या पहिल्या मणक्याशी सोडवायचं. कवटीच्या मागच्या छिद्रातून मज्जारज्जूचं पांढरं टोक दिसतं. लांब दांड्याचा खास चमचा कवटीच्या हाडाला घासत आत सरकवायचा, गोल फिरवून चेता तोडायच्या आणि मेंदूचा देठ अखंड बाहेर ओढायचा. त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोबण असते, तिला ओबेक्स म्हणतात. तपासणीला हवा तो हाच भाग, कारण प्रायॉन सर्वांत आधी इथल्या चेताकेंद्रांत साठतो. चमचा घाईनं ओढला तर देठ दोन सेंटिमीटर अलीकडे तुटतो आणि हाती नुसता मज्जारज्जू येतो. त्याचा निकाल ‘नाही’ आला तरी त्याला अर्थ नसतो. देठ मधोमध उभा चिरून अर्धा ताजा जलद तपासणीला, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. उन्हात दोन दिवस पडलेल्या गायीचा मेंदू ओघळतो, तेव्हा ओबेक्स ओळखता येत नाही. तरी तो लगदा फेकू नये, प्रथिन टिकून असतं आणि वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करून ओळखणारी तपासणी, ते पकडू शकते. मेंढीच्या बाबतीत अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा तुकडाही घ्यायला हवा, कारण स्क्रॅपीचा जो असामान्य प्रकार 1998 मध्ये नॉर्वेत ओळखला गेला, तो देठात फार थोडा आणि अनुमस्तिष्कात जास्त असतो. नुसता देठ तपासणारी प्रयोगशाळा तो प्रकार हुकवत राहते.

आणि डबीवरची चिठ्ठीही बरोबर हवी. ब्रिटनमध्ये मेंढ्यांत बीएसई शिरलाय का हे पाहायला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गोळा केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूंवर काही वर्षं काम चाललं. देशातला सगळा कळप मारायची वेळ येईल का, इथवर चर्चा पोचली होती. ऑक्टोबर 2001 मध्ये डीएनए तपासला तर मेंदू गायींचे निघाले.

व्यापाराच्या बाबतीत अन्याय आणखी उघड आहे. खाद्यातून येणाऱ्या जुन्या प्रकाराखेरीज बीएसईचे दोन असामान्य प्रकार 2004 पासून माहीत आहेत. वेस्टर्न ब्लॉटवर प्रथिनाचा पट्टा जड जागी दिसतो की हलक्या, यावरून त्यांना एच आणि एल म्हणतात. ते बहुधा आठ वर्षांहून मोठ्या गायींत, कुठल्याही दूषित खाद्याशिवाय, आपोआप उद्भवतात असं मानलं जातं. तपासलेल्या म्हाताऱ्या गायींत दहा लाखांमागे एखाद-दुसरी. म्हणजे ज्या देशात म्हाताऱ्या गायी पुरेशा आहेत तिथं हा प्रकार असणारच. तो सापडला याचा अर्थ देखरेख चालू आहे, एवढाच होतो. जागतिक संघटनेनंही 2015 मध्ये तो देशाची धोक्याची पायरी ठरवण्यातून वगळला. तरी काय घडलं? मे 2020 मध्ये आयर्लंडनं मेलेल्या जनावरांच्या नेहमीच्या तपासणीत 14 वर्षांच्या एका गायीत असामान्य प्रकार शोधला आणि जाहीर केला. चीनला होणारी त्यांची गोमांसाची निर्यात जानेवारी 2023 पर्यंत बंद राहिली. सप्टेंबर 2021 मध्ये ब्राझीलनं दोन गायी जाहीर केल्या. चीनची बाजारपेठ डिसेंबरपर्यंत बंद. फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा एक, पुन्हा महिनाभर बंद. शेजारचा एखादा देश म्हाताऱ्या गायी तपासतच नसेल, तर त्याचं पान कोरं आणि त्याचा माल चालू.

आयात करणारा देश म्हणेल, आम्ही सावध राहिलो यात चूक काय? सावधगिरी हवीच. एल प्रकार माकडांना देता आला आहे आणि मोठ्या मात्रेत गायींना तोंडावाटेही, त्यामुळे त्याला निरुपद्रवी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण बंदरावर माल अडवल्यानं त्या धोक्यात तसूभर फरक पडत नाही. धोका कमी होतो तो प्रत्येक गायीचा मेंदू आणि मज्जारज्जू अन्नातून बाहेर ठेवल्यानं, आणि तोही ज्या देशात कधीच काही सापडलं नाही तिथंसुद्धा. तेव्हा आयातदारानं विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. मागच्या वर्षी किती मेलेल्या गायी तपासल्या? त्यांतल्या आठ वर्षांवरच्या किती? किती नमुन्यांत ओबेक्स मिळाला नाही? लक्षणांवरून किती संशयित कळवले गेले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘एकही नाही’ असेल तर तो देश निरोगी नाही, आंधळा आहे, कारण वेगळ्या कारणानं तशी लक्षणं दाखवणाऱ्या गायी सगळीकडेच असतात. मी तर म्हणेन की असामान्य प्रकार सापडला तर व्यापार थांबणार नाही हे करारात आधीच लिहिलेलं असावं, आणि तपासलेल्या जनावरांचे आकडे गटवार प्रसिद्ध न करणाऱ्या देशाचा माल अडवावा.

मेंढ्यांचा अनुभवही हेच सांगतो, फक्त तिथं शिक्षा सरकारकडून येते. स्क्रॅपी अठराव्या शतकापासून माहीत आहे. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, लोकर झडते, पाठीवर खाजवलं की ओठ हलवत चावल्यासारखं करते, मग तोल जातो. गायीच्या उलट, हा आजार कळपात पसरतो, मुख्यतः व्यायल्यानंतर पडणाऱ्या वारेतून, आणि जमिनीत टिकतो. आइसलँडमध्ये कळपच्या कळप मारले, वाडे धुतले, जागा रिकाम्या ठेवल्या, तरी एका वाड्यात 16 वर्षांनी तो पुन्हा उगवल्याची नोंद आहे. एक मेंढी कळवली की पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सगळा कळप जाणार, हे माहीत असलेल्या माणसाकडून दूरध्वनीची अपेक्षा कशी करायची?

इथं मात्र सुटका आहे. मेंढीच्या प्रायॉन जनुकातल्या 136, 154 आणि 171 या तीन जागा पाहिल्या की तिला नेहमीची स्क्रॅपी होण्याचा धोका किती ते कळतं. तिथं व्हीआरक्यू (त्या तीन जागांवरच्या अमिनो आम्लांच्या इंग्रजी खुणा) असेल तर फार मोठा, दोन्ही प्रतींत एआरआर असेल तर जवळपास नाहीच. म्हणून युरोपात आजार निघाल्यावर एआरआरच्या मेंढ्या राखून बाकीच्या काढता येतात. आइसलँडच्या मेंढ्यांत एआरआर नाहीच असं दीर्घकाळ मानलं जात होतं; 2022 मध्ये तो एका कळपात सापडला आणि तिथल्या पैदाशीची दिशाच बदलली. असामान्य स्क्रॅपीला एआरआरही अडवत नाही, तेव्हा तपासणी थांबवायची नाही. पण मालकाला दूरध्वनी करायचं एक कारण मिळालं: कळवलं तर कळपातला काही भाग वाचतो, आणि वाचलेल्या मेंढ्या पूर्वीपेक्षा मोलाच्या ठरतात.

गायींसाठी असं जनुक हाताशी नाही, म्हणून तिथं पैशानंच काम करायला हवं. मेलेलं मोठं जनावर मालकाला एकही पैसा न लावता उचललं जावं, आणि कळवल्याबद्दल वर थोडी रक्कम मिळावी, निकाल काहीही येवो. आजार निघाला तर त्या गायीचा पूर्ण भाव द्यावा. तिच्या आधी आणि नंतर बारा महिन्यांत त्याच गोठ्यात जन्मलेली, तेच खाद्य खाल्लेली जी जनावरं मारली जातात, त्यांचाही पूर्ण भाव द्यावा, आणि नवी जनावरं दुधात येईपर्यंतच्या महिन्यांचं बुडालेलं उत्पन्नही. हे पैसे सरकारनं आणि गोमांस निर्यात करणाऱ्या उद्योगानं मिळून भरावेत, कारण देखरेखीच्या जोरावर बाजार उद्योगाला मिळतो आणि गाय जाते एकट्या पशुपालकाची. ही रक्कम मोठी वाटेल त्यांनी ती कॅनडाच्या बंद सीमेच्या दोन वर्षांशेजारी ठेवून पाहावी.

निकालालाही मुदत हवी, दिवसांत मोजायची, आणि तोवर धड शीतगृहात अडवून ठेवायची सक्ती हवी. जलद तपासणीला काही तास लागतात. उरलेला सगळा वेळ रांगेचा असतो. अल्बर्टातल्या गायीचं डोकं साडेतीन महिने थांबलं, पण तिचं धड थांबलं नव्हतं. निकाल आला तेव्हा त्याची भुकटी होऊन खाद्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली होती, आणि ज्या गोठ्यांत ते खाद्य गेलं असावं तेही मग एकेक करून अलग ठेवावे लागले.